डोंगरावरचा आरसा

राज्य बदललं तेव्हा आम्ही रामाकोन्याला आमच्या घरातच होतो. कुठे गेलो नाही, कुठून आलो नाही. आदल्या दिवशी नागपूर आमची राजधानी होती, दुसऱ्या दिवशी ते परराज्यातलं शहर झालं, एवढंच. बाजाराला नागपूरला जाणारी माणसं पूर्वीसारखीच अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीत बसायची, पण बसल्यावर आता जरा गप्प असायची. भोपाळ कोणत्या दिशेला आहे हे आमच्या आळीत कुणालाही धड सांगता येत नव्हतं. माझे वडील मराठी शाळेत मास्तर. शाळा मराठी राहणार की नाही यावर ते चकार शब्द बोलत नसत. फक्त जेवताना भाताचं आळं करून वरण न घेताच बसून राहायचे, आणि आईनं दोनदा विचारल्यावर भानावर यायचे.

मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होते आणि तोंडाळ होते. वयानं त्यात काही फरक पडलेला नाही. लोक आता त्या काळाबद्दल गोड गोड लिहितात ते वाचलं की मला राग येतो, कारण मला आठवते ती भीती. कशाची, ते नीट सांगता यायचं नाही. आपल्याला न विचारता कुणीतरी काहीतरी ठरवून टाकलंय आणि अजून पुष्कळ ठरवायचं बाकी आहे, अशी ती भीती होती.

त्याच सुमारास, पाऊस सरताच, मोजणीवाले आले. तंबू सौंसरला पडले, आणि साहेब मंडळी डोंगराडोंगरांवर पांगली. माझा थोरला भाऊ मॅट्रिकला दोनदा आपटलेला. मास्तरांचा मुलगा म्हणून ते जास्तच लागायचं. त्याला मोजणीत खलाशाचं, म्हणजे साहेबाच्या हाताखालच्या गड्याचं, काम मिळालं आणि बाबांनी एकदाचा सुस्कारा सोडला. काम असं, की गावाच्या उत्तरेला जो उंच डोंगर आहे त्याच्या माथ्यावर राहायचं आणि तिथल्या तिवईवरचा आरसा दिवसभर सांभाळायचा. लांबच्या दुसऱ्या डोंगरावर साहेब दुर्बीण लावून बसणार. आरशानं सूर्याचा उजेड बरोबर त्या दुर्बिणीत पाठवायचा. मग तेवढ्यावरून साहेब कोन मोजणार.

दिवाळीला तो दोन दिवस घरी आला तेव्हा मी त्याला विचारलं, यात दिवसभर सांभाळण्यासारखं काय आहे? एकदा आरसा लावला की झालं. त्यानं वहिनीच्या रुखवतातला आरसा मागून घेतला आणि अंगणात पाटावर विटेला टेकवून ठेवला. समोरच्या भिंतीवर कवडसा पडला. त्यानं तिथं कोळशानं रेघ मारली आणि म्हणाला, आता बोलत बस. आम्ही दोन गोष्टी बोललो नाही तोच कवडसा रेघ सोडून सरकला होता. मग त्यानं आरशाला बोट लावून तो पुन्हा रेघेवर आणला. पुन्हा सरकला. पुन्हा आणला.

"पाह्यलं?" तो म्हणाला. "सूर्य थांबते का कुनासाठी? हात असला त उजेड जाग्यावर राह्यते. हात काढला का पळते."

वहिनी कौतुकानं बघत होती. उन्हाळ्यातच लग्न झालेलं. ती पांढुर्ण्याची, कापसाच्या दलालाची मुलगी. तिच्या गावाला मोठी गाडी थांबायची, म्हणून ती आमच्या छोट्या गाडीला हसायची. रुळाशेजारी बसलेली म्हैस पण या गाडीला वाट देत नाही म्हणायची. मला ती फार आवडायची. आईला मात्र मुलाच्या चेहऱ्याखेरीज दुसरं काही दिसत नव्हतं. दादा त्या दोन दिवसांत एकदा संध्याकाळी गोधड्या घेऊन कुडकुडत पडला होता. डोंगरावरचा ताप. पाणी वाईट, डास पुष्कळ. साहेबानं दिलेल्या कडू गोळ्या त्याच्या खिशात होत्या. परत जाऊ नको म्हणून आई रडली. तो म्हणाला, आता गेलो नाही तर दुसरा कुणी टपूनच बसलाय. जाताना त्यानं आईला शब्द दिला की रोज खुशाली कळवेन.

ती खुशाली अशी. भर दुपारी ऊन तापलं की लांबचं सगळं थरथरायला लागतं आणि दुर्बिणीतून काही नीट दिसत नाही. तेवढा वेळ साहेबाचं काम बंद. त्या वेळेला दादा आरसा आमच्या घराकडे वळवायचा. आम्ही अंगणात तुळशीपाशी उभ्या राहायचो, आणि डोंगराच्या माथ्यावर एकदम एक टिकली पेटायची. पांढरी, डोळ्यांत सलणारी. चार घरं पलीकडे उभं राहिलं की काहीसुद्धा दिसत नसे, इतका तो उजेड नेमका आमचा होता. थोडा वेळ तो तसाच धरून ठेवायचा. मग आरशापुढे हात नेऊन दोनदा मिचकावायचा, आणि टिकली विझायची. दोनदा मिचकावलं म्हणजे मी बरा आहे. आई लगेच जेवायला बसायची. त्याआधी तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

गावाला हे आवडलं नाही. डोंगरावर लाकडं आणायला गेलेल्यांनी तो आरसा, ती तिवई, ते लाल-पांढरं निशाण पाहिलं होतं. त्यात मोजणी आणि राज्य बदलणं एकाच हंगामात आलेलं. मग पारावर बोलणं सुरू झालं, की आरशाचा उजेड जिथवर पडेल तेवढी जमीन भोपाळची. मास्तराचा पोरगा आपलंच गाव मोजून देऊन राहिला. बाबांनी पारावर जाऊन समजावलं की बाबांनो, सीमा कागदावर केव्हाच ठरली, आरसा काय ठरवणार? गाढवापुढे वाचली गीता. आमच्या समोर एक म्हातारे पाटील राहायचे, बाबांच्या उठण्याबसण्यातले. त्यांनीसुद्धा आमच्याकडे येणं कमी केलं. विहिरीवर बायका आईला पाहून बोलणं थांबवायच्या. दादाचा जीव डोंगरावर टांगलेला, आणि इकडे गाव आम्हाला फितूर ठरवून मोकळं. मला एकेकाचा असा संताप यायचा की काय सांगू.

तशातच संक्रांत आली. वहिनीची पहिली संक्रांत. आईनं कितीतरी दिवस मंद शेगडीसमोर बसून, पाकाचा थेंब थेंब सोडत हलवा केला होता, आणि त्याचे दागिने ओवले होते. हार, बांगड्या, बिंदी, सगळं. काळी चंद्रकळा नेसून आणि ते पांढरे शुभ्र दागिने घालून वहिनी बसली तेव्हा आईला हुंदका आला. सकाळपासून हळदीकुंकवाला एक बाई आली नाही. वाणाची बोरं, गाजरं, हरभऱ्याचे घाटे सुपात तसेच. दुपार कलायला लागली तशी तिळगुळाची वाटी घेऊन वहिनी अंगणात जाऊन उभी राहिली. सणाचे दोन दिवस साहेबाचं काम बंद राहणार, त्याच्या जोडीचा दुसरा खलाशी सणाला आपल्या गावी उतरणार, आणि दादा एकटा वर राहणार, हे आम्हाला माहीत होतं. त्याचाच निरोप आला होता.

टिकली पेटली. वहिनीनं वाटी वर केली आणि खरंच डोंगराला तिळगूळ दाखवला. मी हसले. आईही हसली, कितीतरी दिवसांनी. मग टिकली अंधूक झाली आणि गेली.

मिचकावली नाही. मी आईकडे पाहिलं. आईनं काही म्हणायच्या आतच पलीकडच्या अंगणातून आवाज आला, की आमच्याकडे दिसून राहिला. ती शेजारीण आमच्याशी महिनाभर बोलली नव्हती. आम्ही कुंपणापाशी धावलो. ती डोळ्यांवर हात धरून डोंगराकडे बघत होती. तिच्याकडून टिकली गेली तर पुढच्या घरातून आरोळी, मग त्याच्या पुढच्या. उजेड आमच्या टोकाकडून उगवतीकडे चालला होता, घर घर करत, मारुतीच्या देवळावरून, शाळेवरून, पार स्टेशनच्या बाजूपर्यंत. जो तो घराबाहेर येऊन आपल्या वाट्याच्या उजेडाची वाट बघत होता. पारावर कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं आणि मग सगळं गाव तेच म्हणायला लागलं, की मास्तरांचा मुलगा गावाला तिळगूळ वाटून राहिला. घ्या म्हणे, गोड बोला म्हणे.

संध्याकाळी आमच्या ओसरीवर बायकांना बसायला जागा उरली नाही. समोरच्या पाटलांनी टोपलीभर संत्री पाठवली. नंतर ते स्वतः आले आणि बाबांचा हात धरून बराच वेळ बसले. गावाचं आणि आमचं जे काही तुटलं होतं ते त्या एका दुपारी सांधलं गेलं. वहिनीच्या हाराला हात लावून बायका म्हणत होत्या, नशीबवान आहेस, नवऱ्यानं अख्ख्या गावाला उजेड वाटला. ती लाजत होती. मला ते न मिचकावणं मधमाशीसारखं डोक्यात घोंघावत होतं. मी वहिनीला म्हटलंसुद्धा. ती म्हणाली, एवढ्या घरी जायचं होतं, विसरले असतील. तसंच असावं असं मलाही वाटत होतं, म्हणून मी ते तिथंच सोडलं.

दुसऱ्या दिवशी किंक्रांत. आमच्याकडे तिला 'कर' म्हणतात. करीच्या दिवशी नवं काही करायचं नाही, कुठे जायला निघायचं नाही, वेस ओलांडायची नाही. त्या दुपारी आमच्या अंगणात निम्मी आळी जमली होती. सवय म्हणतात ती अशी लवकर लागते. टिकली पेटली. बायकांनी हात जोडले. मी मात्र आज फक्त बघायचं ठरवलं होतं. टिकली थांबली नाही. आली आणि जशी आली तशी सरकून गेली. मिचकावली नाही. पुन्हा शेजारणीकडे, पुन्हा तिच्या पुढच्या घरी, त्याच वाटेनं, त्याच चालीनं, देऊळ, शाळा, स्टेशन. गाव पुन्हा आनंदानं आरोळ्या देत होतं. माझं मात्र भिंतीवरच्या कोळशाच्या रेघेकडे लक्ष गेलं.

सूर्य मावळतीकडे जात होता आणि उजेड उगवतीकडे. दिवाळीला भिंतीवरचा कवडसासुद्धा असाच उलटा पळाला होता. हात काढला का पळते. काल दुपारी उजेड आमच्या अंगणातून सरकला तेव्हा दादाचा हात आरशावरून निघाला होता. आणि आज कालच्याच जागी, कालच्याच वाटेनं आला, म्हणजे मधल्या सगळ्या वेळात त्या आरशाला कुणीही हात लावलेला नव्हता. आज उजेड पाठवला तो सूर्यानं. दादानं नाही.

मी बाबांना आत बोलावून सांगितलं. ते मास्तर होते, एका वाक्यात त्यांना कळलं. त्यांनी टोपी घातली, काठी घेतली आणि बाहेर आले. शेजारचे काका आणि कोतवाल बरोबर यायला तयार झाले. पाटील वाटेतच उभे राहिले. आज कर आहे मास्तर, ते म्हणाले, पोराच्या नावानं कायले अभद्र करून राहिले? उद्या सकाळी जा. बाबा म्हणाले, पोरगा आजारी असेल. तेव्हा पाटील हसले. वाईट माणूस नव्हता तो. बाबांच्या खांद्यावर हात ठेवून अगदी मायेनं बोलला.

"आत्ताच त उजेड पाहिला ना आपण? मेलेला माणूस उजेड दाखवते का, मास्तर?"

मरणाचा शब्द त्या दोन दिवसांत पहिल्यांदा उच्चारला गेला तो असा, हसत. बाबांनी त्यांचा हात अलगद बाजूला केला आणि ते वेस ओलांडून गेले. डोंगर चढायला अंधार पडणार, रात्र वर काढून उद्या दुपारपर्यंत परत यायचं, एवढं ते आईला सांगून गेले. वहिनीला सांगितलं की दादाला तिळगूळ पोचवायला गेलेत. तिनं घाईघाईनं पुडी बांधून दिली आणि वर माझ्याकडे बघून म्हणाली, माझं नशीब, मामंजी करीच्या दिवशीसुद्धा लेकासाठी डोंगर चढतात.

आई देवघरात बसली ती उठली नाही. पोरगा सुखरूप खाली आला तर जामसांवलीच्या मारुतीला पायी नेईन म्हणून बोलली. मी स्वयंपाक केला आणि कुणी जेवलं नाही. वहिनी तेवढी व्यवस्थित जेवली. तिनं हलव्याचे दागिने डब्यात भरताना मुंग्या लागू नयेत म्हणून डबा पाण्याच्या परातीत ठेवला. ते आल्यावर त्यांना दाखवायचे आहेत म्हणाली. मी तिच्याशी काय बोलायचं ते न कळून सगळी भांडी दोनदा घासली.

तिसरी दुपार झाली. अंगणात आम्ही दोघीच होतो. पाटलांनी काही म्हटलं असावं, बाकी कुणी आलं नाही. रोजची वेळ झाली. डोंगराचा माथा निळा आणि मुका. टिकली पेटली नाही. वेळ टळली तसा वहिनीचा चेहरा उतरला. आणि मला, काय सांगू, मला असा आनंद झाला की तिथंच तुळशीपुढे लोटांगण घालावं. उजेड आला नाही म्हणजे आरशाला कुणाचा तरी हात लागला. बाबा पोचले. दादा उठून बसला असेल, आणि त्यानं नाही तर बाबांनी आरसा फिरवला असेल. मी आत जाऊन आईला सांगितलं की उजेड आला नाही, चांगलं झालं. तिला त्यातलं काही समजलं नाही, पण माझा चेहरा पाहून तिनं देवापुढे डोकं टेकलं.

तेवढ्यात मागच्या वावरातून वहिनीची हाक आली. आमच्या घरामागं, डोंगराच्या बाजूला, तुरीचं वावर होतं. अंगणात उजेड दिसत नाही म्हणून ती डोंगराकडे चालत निघाली होती, आणि तुरीत बरीच आत गेल्यावर तिला तो सापडला होता.

"बाई, इकडं या ना," ती ओरडत होती. "आले पाहा. इथं आले."

मी तिच्यापाशी पोचले आणि मान वर केली. माथ्यावर ती पांढरी टिकली जळत होती. संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं मोठा होतो, सूर्य तिळातिळानं वर सरकतो, हे लहानपणापासून ऐकलेलं. तो तेवढा सरकला होता. म्हणून उजेड अंगणापर्यंत न येता अलीकडे वावरात उतरला होता. आरसा तिथंच होता, कुणी हात न लावलेला. बाबांनीही लावला नव्हता. त्यांना तिथं आरशाकडे बघायला वेळच कुठे होता, हे मला पुढच्याच क्षणी दिसलं. डोंगरावरून येणारी पायवाट वावराच्या पलीकडच्या कडेनं येते. तीवरून बाबा येत होते, अनवाणी. मागं काका आणि कोतवाल, त्यांच्या खांद्यांवर बांबू, बांबूला घोंगडी बांधलेली. तिघंही पायांखाली बघत चालत होते.

ताप चढलेला असताना दादा संक्रांतीच्या दुपारी कसाबसा आरशापर्यंत आला होता, हे पुढे बाबांकडून कळलं. त्या तिवईच्या पायाशीच तो पडलेला सापडला. तेव्हा मला फक्त घोंगडीचा झोळ दिसत होता. वहिनीची पाठ वाटेकडे होती. तिनं पदर सावरला होता, आणि मुठीत तिळगुळाचा एक लाडू होता, दाखवायला आणलेला. टिकली तिच्या डोळ्यांत दिसत होती. ती अंधूक व्हायला लागली होती.

मी तिचा दंड धरला आणि म्हटलं, वहिनी, घरी चल.

"थांबा ना बाई," ती म्हणाली. "अजून मिचकावलं नाही त्यांनी."